अळीच्या वाट्याचा उजेड

पतंग दिव्यावर येतो हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. तोच पतंग काही आठवड्यांपूर्वी अळी होता आणि तेव्हा उजेडाकडे पाठ करून जगत होता, हे मात्र शेतीवर पोट असलेल्या जिल्ह्यातही फारसे बोलले जात नाही. खरे तर पिकाचा सगळा हिशेब अळीशीच असतो. पतंगाला पान कुरतडायला जबडाच नसतो. तो फार तर फुलातला रस चोखतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि मरतो. बोंड पोखरते, हरभऱ्याचा घाटा खाते, रोप बुडापासून कापते ती अळी. तरी शाळेच्या पुस्तकात काय आणि कीडनियंत्रणाच्या सल्ल्यात काय, कीटक आणि प्रकाश म्हटले की पतंग आणि सापळा एवढेच पुढे येते. ही पुस्तिका त्या राहून गेलेल्या अर्ध्या आयुष्याबद्दल आहे.

ती वर्ध्यासाठी लिहावी याला कारण कापूस. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच विलायतेच्या बाजारापर्यंत पोचले होते. १९३८च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले ते चरखा आणि ग्रामोद्योग यांच्यासाठी. आजही देवळी, सेलू, समुद्रपूर, आर्वी या तालुक्यांतल्या कास्तकाराचे वर्ष कपाशीच्या पेरणीने सुरू होते आणि वेचणीच्या उताऱ्यावर त्याचे बरे-वाईट ठरते. त्याच कपाशीच्या बोंडात राहणारी गुलाबी बोंडअळी, जिला जुने लोक शेंदरी बोंडअळी म्हणत, ही उजेडाचा अर्थ लावण्यात अत्यंत तरबेज आहे. तिचा हा गुण वावरात उभे राहून दिसत नाही, म्हणून तो समजावून सांगावा लागतो.

अळीला उजेडातून दोन गोष्टी कळतात. एक, मी कुठे आहे. दोन, वर्षाचा कुठला काळ चालू आहे. पहिली गोष्ट डोळ्यांसमोर घडते आणि पोरांनाही दाखवता येते. दुसरी शांतपणे शरीराच्या आत घडते, आणि वर्ध्याच्या शेतकऱ्याला ती जास्त महाग पडते.

आधी पहिली. फुलपाखरे आणि पतंग यांच्या अळ्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहसा सहा-सहा साधे डोळे असतात. साध्या भिंगातून हरभऱ्यावरची घाटेअळी पाहा. जबड्याच्या वरच्या अंगाला काळे चकचकीत ठिपके कमानीत मांडलेले दिसतील. या डोळ्यांनी तिला आपल्यासारखे चित्र दिसत नाही. उजळ काय, अंधारे काय, उभी काडी कुठे आहे, हिरवे कुठे आहे, इतपत कळते. अळीला तेवढे पुरते. शेतातल्या बहुतेक अळ्यांना उन्हात उघड्यावर राहणे परवडत नाही. साळुंकी, कोतवाल, बगळे, गांधीलमाश्या, अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माश्या, सगळ्यांना त्या दिसतात, आणि ऊन अंगातले पाणी शोषते ते वेगळेच. तंबाखूची पाने खाणारी अळी २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर तुटून पडली होती. या किडीच्या मोठ्या अळ्या दिवसा पालापाचोळ्यात, मातीच्या भेगांत उतरतात आणि रात्री वर येऊन पाने खातात. दुपारी वावरात गेलेल्या माणसाला चाळणी झालेली पाने दिसतात, अळी दिसत नाही. म्हणून अशा किडीची पाहणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना करावी असे सांगतात.

माशीच्या अळीला तेवढे डोळेही नाहीत. उकिरड्यावरचे ओले शेण फावड्याने उलटून बघा. पांढऱ्या अळ्या उघड्या पडतात आणि बघता बघता खाली शिरून दिसेनाशा होतात. पायही नाहीत, डोळेही नाहीत, तरी त्यांची दिशा चुकत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नावर बरेच काम झाले. फ्रेंकेल आणि गन या दोन शास्त्रज्ञांनी १९४०च्या आपल्या ग्रंथात ते नीट मांडले आहे. अळीच्या डोक्यात प्रकाश जाणणाऱ्या पेशींचे जे पुंजके असतात, त्यांना एका वेळी एकच गोष्ट कळते, ती म्हणजे उजेड किती आहे. म्हणून अळी चालताना डोके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकते आणि दोन वेळचा उजेड ताडून बघते. जिकडे कमी, तिकडे वळते. हे पारखायची युक्ती सुंदर आहे. अंधाऱ्या खोलीत अळी सोडायची आणि तिचे डोके उजवीकडे गेले की तेवढ्यापुरताच दिवा लावायचा. अळी डावीकडे वळते. दर वेळी असेच करत राहिले तर ती डावीकडे वळतच राहते. दिव्याची जागा तिला कळत नाही, कळतो तो फक्त उजेडातला फरक, आणि त्यावर तिचे काम भागते.

पुढे फळमाशीच्या अळीवर याहून बारकाईने काम झाले. तिच्या डोक्यात दोन्ही बाजूंना जेमतेम बारा-बारा प्रकाशपेशी असतात. नील्स बोल्विग यांनी १९४६ मध्ये घरमाशीच्या अळीतल्या अशाच पेशींवर लिहिले होते, म्हणून या पुंजक्याला बोल्विगचे इंद्रिय म्हणतात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेने दाखवले की हे इंद्रिय काढून टाकले तरी अळी प्रखर उजेड टाळते. तिच्या सबंध कातडीखाली पसरलेल्या मज्जातंतूंनाच तीव्र निळा आणि अतिनील प्रकाश जाणवतो. अन्नात तोंड खुपसून बसलेल्या अळीचे डोके अंधारात आणि मागचा भाग उन्हात असू शकतो. अशा वेळी डोक्यातल्या इंद्रियाचा काही उपयोग नाही, कातडीचा आहे. हे वाचले तेव्हा मला उकिरड्यावरच्या त्या बिनडोळ्याच्या जिवाबद्दल मनापासून आदर वाटला.

पण प्रत्येक अळी उजेड टाळतेच असे समजू नये. याक लोब या जर्मन शास्त्रज्ञाने १८९०च्या आपल्या पुस्तकात युरोपातल्या एका पतंगाच्या अळ्यांची हकीकत दिली आहे. या अळ्या थंडीभर जाळ्यात मुटकुळे करून राहतात आणि वसंतात ऊब लागली की उपाशीपोटी बाहेर पडून फांदीच्या टोकाकडे चढतात, कारण पहिली कोवळी पालवी तिथेच फुटते. लोबने त्या काचेच्या नळीत घातल्या आणि नळीचे बंद टोक खिडकीकडे केले. अळ्या खिडकीच्या टोकाला गोळा झाल्या. मग त्याने त्यांच्या मागे, खोलीच्या बाजूला पाला ठेवला. अळ्या मागे फिरल्या नाहीत. पाला हाताशी असताना त्या उजेडाला चिकटून उपाशी मेल्या. ज्यांना आधी खायला मिळाले होते त्यांची ही ओढ मात्र ओसरली. लोबला त्यात यंत्रासारखी सक्ती दिसली. त्याचे ते टोकाचे मत पुढे सगळ्यांनी मानले नाही. मला यातले भुकेचे वर्तन महत्त्वाचे वाटते. त्याच अळीचे उजेडाशी असलेले नाते पोट भरताच बदलते. म्हणून कुठल्याही अळीबद्दल बोलताना ती किती वाढलेली, किती भुकेली आणि निरोगी की आजारी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आजारी अळीचे उदाहरण तर आपल्याच वावरात आहे. हरभऱ्यावर किंवा तुरीवर घाटेअळी आली की अधूनमधून झाडाच्या शेंड्याला एखादी अळी डोके खाली करून लटकलेली दिसते, काळवंडलेली, हात लावताच फुटणारी. ती विषाणूने मेलेली असते. जाणते शेतकरी अशा अळ्या गोळा करून, कुटून, गाळून त्यांचे पाणी फवारतात. बाजारात हेच द्रावण एचएएनपीव्ही या नावाने मिळते. निरोगी घाटेअळी कोष करायची वेळ आली की खाली उतरून मातीत शिरते. मग आजारी अळी मरण्याआधी वर का चढते? २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी दुसऱ्या एका अळीवर दाखवले की विषाणू लागलेली अळी उजेडाकडे ओढली जाते. दिवा खाली ठेवला तर ती खालीच मरते. २०२२ मध्ये चीनमधल्या अभ्यासकांनी थेट घाटेअळीवर काम केले. हा विषाणू अळीच्या डोळ्यांतल्या प्रकाश ओळखणाऱ्या जनुकांचे काम वाढवतो, आणि ती जनुके दाबली की अळीचे वर चढणे कमी होते, असे त्यांना आढळले. शेंड्यावर मेलेली अळी फुटून खालच्या पानांवर ओघळते, त्या पानांवरच्या अळ्यांना लागण होते, आणि विषाणूचे बस्तान बसते. अळीचा उजेड विषाणूने आपल्या कामाला जुंपला आहे.

गंमत अशी की विषाणूला स्वतःला ऊन सोसत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लवकर निकामी होतो. म्हणून एचएएनपीव्हीची फवारणी संध्याकाळी करायची आणि द्रावणात कपड्यांची नीळ मिसळायची, हा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. निळीमुळे ते किरण काही प्रमाणात अडतात. नीळ का घालायची हे दुकानदार सांगत नाही, म्हणून ती घालायची राहून जाते. इथे कारण सांगितले आहे ते त्यासाठी.

आता दुसरी गोष्ट, वेळेची.

गुलाबी बोंडअळीची पहिली शास्त्रीय नोंद आपल्या शेजारचीच. १८४२च्या सुमाराला भडोचच्या सरकारी कापूस लागवडीतले नमुने विलायतेला गेले आणि डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये या किडीचे वर्णन छापले. तिथून ती सरकीबरोबर जगभर पसरली. १९१६ मध्ये मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासात ती सापडली. अंड्यातून बाहेर पडलेली, केसाएवढी अळी थोड्या वेळात फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. शिरलेले भोक भरून येते आणि वरून बोंड निरोगी दिसते. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमाने गुंडाळून त्या उमलू देत नाही, हीच आपली डोमकळी. बोंडात ती सरकीतला मगज खाते, रुई डागाळते, आणि वेचणीला कवडी हाती येते. पूर्ण वाढलेल्या अळीपुढे दोन वाटा असतात. एक, बोंडाला भोक पाडून खाली पडायचे, कोष करायचा आणि आठ-दहा दिवसांत पतंग व्हायचे. दुसरी, सरकीत किंवा दोन सरक्या जोडून त्यांच्या आत घट्ट रेशमी वेष्टण विणायचे आणि महिनोन् महिने निपचित पडून राहायचे. याला सुप्तावस्था म्हणतात.

कुठली वाट धरायची हे ठरवण्यात दिवसाची लांबी मोठे काम करते. टेक्सासमधले कीटकशास्त्रज्ञ पेरी ॲडकिसन यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी सिद्ध केले. दिवस साधारण तेरा तासांहून मोठा असला तर अळ्या सरळ कोषात जातात. तो तेरा तासांच्या खाली उतरला की झोपी जाणाऱ्या अळ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. रात्र लांब असतानाही मध्येच ठरावीक वेळी थोडा उजेड दाखवला तर अळी फसते आणि मोठा दिवस समजून कोषात जाते. म्हणजे ती रात्र मोजते. बंद बोंडात बसून हे तिला जमते, कारण बोंडाची हिरवी साल उजेड पूर्ण अडवत नाही आणि या मापाला अगदी मंद उजेडही पुरतो. हीच अळी पुढे जैविक घड्याळाच्या अभ्यासातली नावाजलेली प्रजाती ठरली. मिनिस आणि पिटेंड्रिघ यांनी १९६८ मध्ये दाखवले की अंड्यातला गर्भ साधारण निम्मा वाढेपर्यंत उजेडाला दाद देत नाही, आणि त्यानंतर एकदा दिसलेल्या उजेडाने त्याचे घड्याळ लागते. ज्या जिवाला आपण फवाऱ्याने संपवू पाहतो तो जन्माआधीपासून वेळ पाळतो आहे.

हा तेरा तासांचा आकडा वर्ध्याला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि माझ्या मते हा या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. टेक्सासात उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस चौदा तासांच्या आसपास असतो आणि तेरा तासांची रेघ तो ऑगस्टच्या अखेरीस ओलांडतो. वर्धा विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहे. आपला २१ जूनचा दिवसच जेमतेम तेरा तास वीस मिनिटांचा, आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या थोडा आत. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीलाच आपला दिवस तेरा तासांच्या खाली येतो, पहाटेचा आणि सांजेचा संधिप्रकाश धरला तर आणखी काही आठवड्यांनी. तेव्हा कपाशी नुकती पात्या-फुलांवर आलेली असते. नुसती लांबी पाहून अळी झोपत असती तर आपल्याकडे ती हंगामाच्या तोंडावरच झोपली असती. तसे होत नाही. दिवसाच्या लांबीला रात्रीच्या गारव्याची आणि पिकल्या सरकीतल्या तेलाची जोड लागते. तेलकट अन्नावर वाढलेल्या अळ्या जास्त प्रमाणात झोपतात हेही ॲडकिसन यांनी दाखवले होते. लहान दिवस, थंड रात्र आणि भरलेली सरकी या तिन्ही गोष्टी वर्ध्यात एकत्र येतात त्या दिवाळीनंतर.

आणि नेमके तेव्हाच आपण फरदड घेतो. पहिले वेचे झाले, झाडावर चार हिरवी बोंडे आहेत, विहिरीला पाणी आहे, भाव जरा वाढतील असे वाटते, म्हणून पऱ्हाटी उभी ठेवून पाणी देतो. कास्तकाराच्या हातात पैसा कमी असतो तेव्हा त्या चार बोंडांचा मोह समजण्यासारखा आहे. त्याला कुणी हसू नये. पण त्या बोंडांतल्या बऱ्याच अळ्या पुढच्या खरिपापर्यंत झोपायच्या तयारीच्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीची बोंडे ही त्यांची कोठारे. पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली, सरपणाला घराशेजारी लावली, तर अळ्या त्यातल्या उरल्यासुरल्या बोंडांत सुखरूप उन्हाळा काढतात. सरकी जिनिंगमध्ये गेली तर तिथे. पुढे उष्मा आणि पहिल्या पावसाची ओल मिळाली की पतंग निघतात. त्या वेळी वावरात कपाशीला पात्या-फुले नसतील तर त्यांची पुढची पिढी जगत नाही. पण कुणी मे महिन्यात पाण्यावर कपाशी लावली असेल तर त्यांची सोय झालीच म्हणायची. हंगामपूर्व लागवड टाळा, डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाटीचा चुरा करून मातीत मिसळा, जिनिंगच्या आवारात सापळे लावा, हा सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांतून दरवर्षी ऐकू येणारा सल्ला या अळीच्या दिनदर्शिकेवर बेतलेला आहे. तारखांमागचे हे कारण कास्तकाराला सांगितले, तर सल्ला पाळायचा की नाही हे तो डोळसपणे ठरवेल.

अमेरिकेत ॲडकिसन आणि सहकाऱ्यांनी याच दिनदर्शिकेवर बेत आखला. अळी झोपायच्या आधीची पिढी मारायची आणि ठरलेल्या तारखेआत शेते रिकामी करायची. त्याला पुढे बीटी कपाशी, मादीच्या गंधाने नराला चकवणारे कामगंध आणि वांझ करून सोडलेले पतंग यांची जोड मिळाली आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने ही कीड देशाच्या मुख्य भूमीवरच्या व्यापारी कपाशीतून निपटल्याचे जाहीर केले. ॲडकिसन यांना १९९७चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो रे स्मिथ यांच्याबरोबर, एकात्मिक कीडनियंत्रणासाठी. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली, आणि काही वर्षे बोंडअळीचा विसर पडला. २०१७च्या हंगामात ती विदर्भात पुन्हा उसळली. त्याच पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्या फवाऱ्यांमागे अनेक किडी होत्या. पण गुलाबी बोंडअळीपुरते एवढे नक्की म्हणता येते की बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. अंधारात बसलेल्या किडीवर उजेडातून विष टाकण्याची किंमत माणसांनी मोजू नये, ही कळकळ या पुस्तिकेमागे आहे.

प्रकाश सापळ्याबद्दलही याच अंगाने बोलायला हवे. तो पतंग पकडतो, अळी नाही. कामगंध सापळा तर फक्त नर पकडतो. सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ-दहा पतंग आले म्हणजे आता बोंडे फोडून पाहायची वेळ झाली, एवढी खबर तो देतो, आणि ती फार मोलाची आहे. वावराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली हिरवी बोंडे तोडून, फोडून, आत अळी आहे का हे बघण्याला दुसरा पर्याय नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्यांचा प्रश्न वेगळा आहे. इतर कीटकांत रात्रीच्या उजेडाने सुप्तावस्था बिघडते असे दिसले आहे. जिनिंगचे हॅलोजन आणि रस्त्यांवरचे दिवे यांच्या शेजारच्या वावरांत बोंडअळी काय करते, हे वर्ध्यात बसून पाहण्यासारखे काम आहे.

शेवटी शाळांसाठी. बोंडअळीचे घड्याळ वर्गात दाखवता येणार नाही, पण उजेडाला अळी कशी दाद देते हे दाखवायला विदर्भात साधन घरोघरी आहे : उन्हाळा सरल्यावर पाणी साठून राहिलेली कूलरची टाकी. त्यातले पाणी काचेच्या बरणीत घ्या. डासांच्या अळ्या पृष्ठभागाला श्वासनळी टेकवून लटकलेल्या दिसतील. बरणीला धक्का लागू न देता, खिडकी आणि बरणी यांच्यामध्ये एक पुठ्ठा सरकवा. सावली पडताच अळ्या वेटोळे घेत तळाकडे जातात आणि श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. सावली पुन्हा पुन्हा पाडत राहा. थोड्या वेळाने बुडी मारणाऱ्या अळ्या कमी होत जातात. मग थोडे थांबून परत पाहा. किती अळ्या बुडाल्या, कितव्या सावलीला थांबल्या, हे मुलांनी वहीत मांडावे. बरणीला धक्का लागला की अळ्या तशाही बुडतात, तेव्हा सावलीचा आणि धक्क्याचा परिणाम वेगळा कसा करायचा हे त्यांनाच शोधू द्यावे. बरणीच्या तोंडाला मलमलीचे कापड घट्ट बांधायचे, आणि प्रयोग झाला की पाणी गटारात नाही, कोरड्या तापल्या जमिनीवर ओतायचे. टाकीही त्याच दिवशी घासून पुसून कोरडी करायची, कारण डेंगीच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून पाण्याविना टिकतात.